किल्लेदाराचं माप

१२ नोव्हेंबर, बुधवार

बुटीबोरीच्या कारखान्यात सोळा वर्षं मी रोज वही भरली. शीटचा नंबर, जाडी, पास, नापास, सही. ती वही कारखान्याची होती. ही माझी आहे, म्हणून पहिल्या पानावर काय लिहावं ते सुचत नाही. जे झालं तेच लिहिते.

ऑगस्टमध्ये नोकरी सोडली आणि तांडापेठेतल्या आमच्या घरी, समोरच्या खोलीत, प्लास्टिकची चिलखतं करायला बसले. आतापर्यंत केली ती शाळांच्या गॅदरिंगची, दोन तासांत उतरवून फेकायची. आज पहिल्यांदा खरं काम आलं.

दारात एक उंच म्हातारा उभा. डोक्याला मफलर, मागे बायको.

"तूच का वं ते प्लास्टिकचं चिलखत बनवते म्हणतेत ते?"

हे चंपतराव, सावनेरकडचे. कोळसा खाणीच्या ऑफिसात होते, आता शेती पाहतात. एकोणीस वर्षं दर जानेवारीत ते एकाच नाटकात किल्लेदार होतात, मैदानावर, तीन हजार माणसांसमोर. शेवटच्या प्रवेशात किल्लेदार दरवाज्यात उभ्याउभ्याच मरतो आणि तो मेला हे शत्रूला कळत नाही. तो उभा आहे तोवर कोणी उंबरठा ओलांडत नाही. सात मिनिटं, एक शब्द नाही.

गेल्या वर्षी चिलखत पत्र्याचं होतं, अकरा किलोचं. सहाव्या मिनिटाला चंपतराव खाली बसले. दिग्दर्शकाने, ऋषिकेश सरांनी, यंदा स्पष्ट सांगितलंय. ४ जानेवारीला पूर्ण वेशात तालीम. काका बसले, तर किल्लेदार रोहित करेल. रोहित आता त्यांच्याशी झुंजणारा शत्रूचा सैनिक होतो नाटकात.

"म्हंजे मी बसलो का गेलो," चंपतराव हसत म्हणाले. त्यांची बायको, पंचफुलाकाकू, हसल्या नाहीत.

मी चार किलोच्या आत करून देते म्हणाले. म्हणून टाकलं. आता रात्रभर तो आकडा डोक्यात फिरणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माप घेतलं. छाती ९८, कंबर ९१, खांदा ते खांदा ४७. सगळं सेंटिमीटरमध्ये.

मग पुतळा केला. त्यांना जुना बनियान घालायला लावला आणि त्यावरून चिकटपट्टी गुंडाळत गेले, मानेपासून मांडीपर्यंत, तीन थर. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. हिवाळ्यातलं दहा वाजताचं ऊन अंगावर. पाऊण तास हलले नाहीत. मी भोवती फिरत होते आणि मला वाटत राहिलं की मी एखाद्या झाडाला सूत गुंडाळतेय.

"झोप लागली का काका?"

"नाही वं. प्रॅक्टिस करून राहिलो."

पाठीमागून कात्रीने कापून कवच काढलं, आत आईच्या चिंध्या ठासून भरल्या, पुन्हा शिवलं. आता चंपतराव सावनेरला गेलेत आणि चंपतराव माझ्या खिडकीतही उभे आहेत, बिनडोक्याचे. आई म्हणजे अनुसयाबाई त्यांच्या बाजूने जाताना पदर नीट करते.

"आई, तो पुतळा आहे."

"असू दे. माणसाच्या मापाचा हाय ना."

मेडिकल चौकात चंपतरावांचं दर पंधरवड्याला शनिवारी काही काम असतं, तेव्हाच इथे येत जातील. बरं झालं, मला वेगळं जायला नको.

१९ नोव्हेंबर

धरमपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असते, तिथे गेले. ऋषिकेश सरांनी संग्रहालयांतल्या चिलखतांचे फोटो दिले. छातीला एक, पाठीला एक, दोन्ही कुशींना एकेक, असे चार सपाट पत्रे, चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले. वर खांद्याच्या ढाली. छातीवर वेलबुट्टीची पितळी किनार.

"कामिनीताई, पहिल्या रांगेतल्या माणसाला प्लास्टिक दिसलं की आमचं नाटक संपलं. खिळासुद्धा फोटोत आहे तिथंच पाहिजे."

"राहील सर."

चिलखत फोटोबरहुकूम हवं, चार किलोच्या आत हवं आणि झुंजीत, पायऱ्यांवर तुटता कामा नये. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी सोप्या आहेत.

२४ नोव्हेंबर

आज छातीची शीट वाकवली. दोन मिलिमीटरची, एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची. गरम हवेच्या बंदुकीने शेकत गेलं की आधी काही होत नाही. मग एका क्षणी शीट चमकते, आणि हातातलं कडक काहीतरी झोपेत असल्यासारखं सैल पडतं. तेव्हा ती पुतळ्यावर टाकायची आणि ओल्या फडक्याने दाबून धरायची. वीस सेकंद. पुन्हा कडक झाली की तिला तो आकार कायमचा आठवतो.

कारखान्यात मी लाखभर शीट मोजल्या असतील. एकीलाही मऊ होताना पाहिलं नव्हतं.

दुपार कशी गेली कळलं नाही. आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं फिटिंग. वाईट.

छातीचा पत्रा पुतळ्यावर नखासारखा बसतो. चंपतरावांवर बसत नाही. काखेपाशी दोन बोटं जागा. पुन्हा माप घेतलं: साडेपंच्याण्णव.

अडीच सेंटिमीटर! मी, जी शीटमध्ये दोन दशांश मिलिमीटर पकडायची. वहीत ९८ लिहिलंय, माझ्याच अक्षरात. बनियानावरून घेतलं होतं का? टेप सैल धरली होती का? कान गरम झाले.

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे.

"टेप जुनी हाय का वं?"

"बाबांची आहे. मागावर कापड मोजायचे."

"मंग वाढली असन. कपड्याची टेप वाढते. टेन्शन नको घेऊ."

"सरांना सांगू नका काका. पट्ट्या आखडून घेते मी."

"मी कायले सांगू? तुह्यामाह्यातली गोष्ट."

किती मोठ्या मनाचा माणूस! दुसरा कोणी असता तर ऋषिकेश सरांना फोन केला असता.

पंचफुलाकाकू कोपऱ्यात बसून होत्या. त्यांच्या हातात नेहमी एक प्लास्टिकची फाईल असते, पिवळी, अर्ध्या मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीन. तिचा कोपरा तडकला होता. मी कात्रीने तो गोल कापून दिला आणि सांगितलं, टोकदार कोपरा ठेवला की तडा तिथूनच जातो. त्या म्हणाल्या, "हे बरं केलं. लई दिवस वापरायची हाय." काय कागद आहेत ते विचारलं नाही. शेतीचे असतील.

२ डिसेंबर

स्वप्न पडलं. पुतळा मैदानावर उभा आहे आणि मी त्याला मोजतेय, आणि टेप संपतच नाही. मोजत मोजत मी बुटीबोरीपर्यंत जाते. जागी झाले तेव्हा भीती नव्हती वाटत, उलट छान वाटत होतं. का ते कळलं नाही.

नवी टेप आणली. फायबरची, ताणली तरी वाढत नाही.

६ डिसेंबर

चारही पत्रे तयार. मग कारखान्याची सवय: पास करण्याआधी पाडून बघायचं. स्टुलावर चढून डोक्याच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. पाठीचा पत्रा पट्ट्याच्या भोकापासून किनारीपर्यंत तडकला. आवाज सुपारी फुटल्यासारखा.

आतून मजबुती द्यायला हवी. एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवले की घट्ट लगदा होतो. तो लावून त्यात कापड बसवायचं, वर पुन्हा लगदा. वाळल्यावर कापड आणि प्लास्टिक एक होतं. तडा गेला तरी सुताने अडतो.

बाजारातलं काचेच्या धाग्यांचं कापड अंगाला खाजतं. आईला विचारलं. ती आत गेली आणि पेटीतून एक घडी काढून आणली. बाबांच्या मागावरचं शेवटचं कापड, साधं पांढरं, घट्ट विणीचं. माग विकला त्या वर्षीचं.

"हे नको आई."

"मंग कायले ठेवू? माह्या कफनाले?" मग म्हणाली, "पण धू नको हं. कोऱ्या कापडाले पाणी लागलं का त्याचा जीव जाते."

आमच्या घरात कोरं कापड कोणी धूत नाही. गिऱ्हाइकाने धुवावं. कोरेपण हाच तर विणकराचा मान. मीही धुतलं नाही.

तिरक्या पट्ट्या कापल्या, बाकदार जागी त्या सुरकुतल्याशिवाय बसतात, आणि संध्याकाळपर्यंत चारही पत्र्यांना आतून लावल्या.

९ डिसेंबर

सगळं निघून आलं.

पत्रा थोडा पिळून पाहिला आणि अख्खं कापड पापडासारखं सुटलं. मागची बाजू स्वच्छ, पांढरी, लगदा आत शिरलाच नाही.

मी कापड आईच्या हातात दिलं. तिने बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"खळ," ती म्हणाली.

विणायच्या आधी सुताला पिठाची खळ देतात, धागा कडक व्हावा, मागावर घासून तुटू नये म्हणून. लग्नाआधीपासून आई हेच करत आली, पहाटे चुलीवर खळ शिजवायची, सूत माखायची. तीच खळ कापडात अजून बसलेली. लगद्याला आत येऊच देईना. जगात दुसऱ्या कोणीही आधी कापड धुतलं असतं. आम्हीच धुतलं नाही.

"माहीच चूक," आई म्हणाली.

"माझीही."

"खळ मागापुरती असते वं. कापड उतरलं का तिचं काम संपलं. मी उगाच धरून बसली."

तिने स्वतः सोडा टाकून कापड उकळलं. दोन वेळा. दुपारभर अंगणातल्या दोरीवर ते वाळत होतं, इतकं मऊ झालेलं की वारा नसतानाही हलत होतं. आई त्याच्याकडे बघत खुर्चीवर बसली होती. मी तिला हाक मारली नाही.

११ डिसेंबर

पुन्हा लावलं. या वेळी कापडाने लगदा असा प्यायला की वीण दिसेनाशी झाली. वाळल्यावर स्टुलावरून पाडलं. नुसता टणत्कार. तीन वेळा पाडलं. पास.

वजन तीन किलो सातशे.

१३ डिसेंबर, शनिवार

दुसरं फिटिंग. नव्या टेपने छाती ९३.

पहिली चूक ९८ ची, दुसरी ९५.५ ची, आता ही. सोळा वर्षं मी पास-नापास करत होते ते सगळं असंच होतं का? मी तिसऱ्यांदा टेप लावली तेव्हा चंपतरावांनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

"हेही टेप खराबच निंघाली," ते म्हणाले. "आजकाल सारं डुप्लिकेट."

"काका, तुम्ही मला सांभाळून घेताय."

त्यांनी मफलर नीट केला.

मग म्हणाले, आणखी हलकं करता येईल का? मी म्हणाले, चार किलो ठरलं होतं, मी पावणेचारच्याही आत आहे. ते म्हणाले, तरी. आणि आतून गादी लाव. छाती पहिल्यासारखी भरीव दिसायला पाहिजे, ऋषिकेशले बारीक दिसलो नाही पायजे.

हलकंही हवं आणि गादीही हवी! नटांना आपल्या दिसण्याचं फार असतं, हे ऐकून होते. थोडा रागही आला. मग माझ्या चुका ते किती झाकतायत ते आठवलं आणि हो म्हणाले.

पंचफुलाकाकूंनी डब्यातून पेज काढली. काकांनी चार चमचे घेतली आणि पुरे म्हणाले. काकूंनी डबा बंद केला नाही, तसाच मांडीवर धरून बसल्या. काकांच्या कुडत्याच्या कुशी काकूंनी हाताने आत घेतल्यात, टीप बारीक आणि सरळ. मी कौतुक केलं.

"रोजच घ्या लागते," त्या म्हणाल्या. काटकसरी बाई आहे.

१९ डिसेंबर

रंग. आधी काळा, वर शिशाच्या पेन्सिलीची पूड कापडाने घासून. प्लास्टिक अदृश्य होतं आणि जुनं लोखंड उरतं. चहा घेऊन आलेल्या आईने पत्रा उचलला आणि तोल जाता जाता वाचली. हाताने जडपणाची तयारी केली होती.

चंपतरावांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला.

"मस्त. पण डावा खांदा नवा दिसून राहिला. किल्लेदार डाव्या खांद्यानं दरवाजा लोटते. तीस वर्षं लोटते. तिथली चमक गेली पायजे. आन् छातीच्या मधात हात ठेवायची त्याची सवय, तिथं उलट चमकलं पायजे, उंबऱ्यावानी."

हे कुठल्याही फोटोत नाही. पण केल्यावर कळलं, आता हे कोणाचं तरी आहे.

गादीचं वजन भरून काढायला पत्र्यांची किनार तासली, भोकांना आतून चामड्याचे गोल लावून रिव्हेट मारले. गादीसकट तीन किलो चारशे. स्वतःवर खूश आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

ते आले नाहीत. काकूंचा फोन, "आज थकले हायेत. तू आहे तसंच तयार ठेव, बाई." आवाज लांबून येत होता. मागे कुणीतरी नावं पुकारत होतं, बँकेत पुकारतात तशी.

मापं अशी चुकीची असताना मी आहे तसं तयार कसं ठेवू?

२८ डिसेंबर

आज मी ती गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

कारखान्यात मोजायच्या साधनावर संशय आला की आम्ही त्याला मास्टरवर तपासायचो. मास्टर म्हणजे एक तुकडा, ज्याचं माप पक्कं ठाऊक असतं, जो कधी बदलत नाही. साधन त्यावर बरोबर दाखवतंय, तर साधन बरोबर.

माझ्याकडे मास्टर होता. दीड महिन्यापासून खिडकीत उभा होता. पण मी टेप त्याला लावली नाही, कारण चूक माझी निघेल याची भीती होती.

सकाळचं ऊन त्याच्या छातीवर होतं. नवी टेप लावली. ९८. बाबांची टेप लावली. ९८.

पुन्हा लावली.

टेप बरोबर आहेत. वहीतलं बरोबर आहे. माझी चूक नाही.

पहिला विचार हाच आला, माझी चूक नाही. आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

मग मी खाली बसले.

२९ डिसेंबर

ऋषिकेश सरांचा नंबर दोनदा काढला.

काका महिन्याभरात पाच सेंटिमीटर उतरलेत, आणि सेटवर पायऱ्या आहेत बावीस. त्या उतरताना काही झालं तर? सांगायला हवं. सांगितलं तर ४ तारखेची गरजच नाही, आजच संपतं सगळं. आणि मग ते काय करतील, सावनेरच्या घरी बसून? बसूनच.

फोन केला नाही. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. कारखान्यात असं काही नव्हतं. तिथे एक रेषा असायची आणि माल तिच्या अलीकडे असे किंवा पलीकडे.

३१ डिसेंबर

रोहितला बोलावलं. मैदानावरचा दरवाजा तोच उभारतोय. प्लायवूडचा, पण आतून लोखंडी चौकट, आणि त्यावर हत्तीला अडवायचे असतात तसे मोठे अणकुचीदार खिळे.

"त्यातला मधला खिळा खरा करता येईल? चौकटीत वेल्ड करून? साठ किलो पेलेल असा?"

"कायले ताई?"

तो पुतळ्याकडे बघत होता, मग चिलखताकडे, मग त्यातल्या गादीकडे. तिची जाडी त्याने बोटाने दाबून पाहिली.

"एका महिन्यापासून मले त्याईच्यासोबतच्या झुंजीत हात हलका करा लागून राहिला," तो म्हणाला. "करतो वेल्ड. सरांले सांगत नाही."

त्याला किल्लेदाराचे सगळे संवाद पाठ आहेत. मी त्याला ते मागे एकट्याने म्हणताना ऐकलंय.

२ जानेवारी

पाठीच्या पत्र्याला आतून दोन उभ्या पट्ट्या दिल्या, शीट आणि कापडाचे पाच-पाच थर. खाली रुंद कंबरपट्टा, आणि मांड्यांभोवती दोन फासे, विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनला असतात तसे. वरून झगा आला की काही दिसत नाही. पाठीच्या मधोमध स्टीलची आडवी कडी. दरवाज्याच्या खिळ्यात ती अडकली की माणसाचं वजन पायांवर नाही, कडीवर.

खोलीतल्या आढ्याला टांगून त्यात रेतीची पोती भरली. साठ किलो. सत्तर. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी एकही धागा हलला नव्हता.

संग्रहालयाच्या कुठल्याही फोटोत अशी कडी नाही. ऋषिकेश सरांना मी पहिल्यांदाच फसवलं.

दुपारी चंपतराव आले, रिक्षातून. चार पायऱ्या चढून दारात थांबले. मी त्यांना नीट पाहिलं. इतके दिवस मी फक्त मोजत होते.

पट्टे आवळले. त्यांनी पाठीमागे हात नेऊन कडी चाचपली.

"हे काय वं?"

"खिळ्यात अडकवायला."

"मले खुंटीले टांगून ठेवतं का?"

"हो."

पंचफुलाकाकू हसल्या. पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"लग्नात असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "एका जागी राहिले असते."

चंपतराव माझ्याकडे बघत होते.

"ऋषिकेशले सांगतलं?"

"काय सांगायचं? टेप खराब होती," मी म्हणाले.

त्यांनी मग हात छातीच्या मध्यावर ठेवला, चमक आणली होती बरोबर तिथे.

"दोन्हीही?"

"दोन्हीही. सगळं डुप्लिकेट येतं आजकाल."

४ जानेवारी, रविवार

पूर्ण वेशात तालीम. दुपारी चार वाजता मैदानावर धुरकट ऊन होतं. पायऱ्या उतरताना रोहित त्यांच्या एक पायरी पुढे होता. झुंज खेळत होता, पण प्रत्येक वार त्यांना तोलून धरणारा. लांबून ते दोघे लढताना दिसत होते. जवळून पाहिलं तर रोहित त्यांना उतरवत होता.

दरवाज्यापाशी काका मागे सरकले. कडी अडकल्याचा बारीक आवाज झाला, तो फक्त मला ऐकू आला.

सात मिनिटं.

ऋषिकेश सर घड्याळाकडे बघायचे विसरले. नंतर म्हणाले, "काका यंदा जास्तच स्थिर झालेत. चिलखत हलकं झाल्याचा फरक." माझी पाठ थोपटली. मी मान खाली घातली.

भूमिका चंपतरावांचीच.

१२ जानेवारी

मुख्य प्रयोग १८ला. काकूंशी रोज फोनवर बोलते. आज त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले प्रवास नको. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "मंग काय. त्याईनं डॉक्टरले नाटकाचे दोन पास देल्ले."

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी लिहितेय. काल झालं ते जसं झालं तसं.

गाडी मैदानामागेच लावली होती. काकांना झोपवून आणलं होतं. चिलखत घालताना ते बसून होते, आणि मी एकेक पट्टा आवळत गेले तसे सरळ होत गेले. शेवटचा पट्टा बसला तेव्हा आरशात किल्लेदार होता. गादी भरपूर लावली होती. त्यांनी मफलर काढला आणि शिरस्त्राण चढवलं. डोक्यावर केस नव्हते.

पायऱ्या बावीसच्या आठ केल्या होत्या. रोहितने सकाळी सरांना जाऊन काय सांगितलं माहीत नाही. सर माझ्या बाजूने गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "कडी टिकेल ना?"

"टिकेल सर."

मी दरवाज्याच्या मागे, प्लायवूडच्या फटीत उभी होते. कडी खिळ्यात अडकली. चौकट थोडी कण्हली आणि शांत झाली. माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांची पाठ होती, मी केलेली. त्यांचा श्वास मोजायचं मी ठरवलं होतं, पण मोजलं नाही. समोर तीन हजार माणसं होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. वर धुक्यात दिव्यांचे गोल तरंगत होते. मला वाटलं, हा माणूस कित्येक वर्षं असाच उभा आहे आणि आम्ही सगळे त्याच्या स्वप्नात बसलोय, तो उठेपर्यंत घरी जाता येणार नाही.

शत्रू उंबरठ्याशी येऊन मागे वळला. दिवे गेले.

अंधारात रोहित आणि मी दोन्ही बाजूंनी धावलो. ते कडीवर होते. पाय जमिनीला लागलेले, पण नुसतेच लागलेले.

"काका."

"झाले का सात?"

"झाले."

रोहितने एका कुशीत हात घातला, मी दुसऱ्या. कडी सोडवली. मी साठ किलोची तयारी केली होती. हात वरच गेला, त्या दिवशी आईचा गेला होता तसा.

टाळ्या चालूच होत्या. पडद्याच्या कडेने ऋषिकेश सरांनी हात केला: यायचंय का, नको? काका म्हणाले, "चाल." दिवे आले आणि आम्ही तिघे पुढे गेलो. रोहित सैनिकाच्या वेशात, मी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हाताला काळा रंग. माझं कोणाला काही वाटलं नाही. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

बाकीचे नट वाकले. काका वाकले नाहीत. त्या पट्ट्यांनी कमरेत वाकताच येत नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते ताठ उभे राहिले, समोर बघत, मान वर.

लोकांना काय वाटलं कोण जाणे. आधी पहिली रांग उठली. मग तिच्या मागची. मग अंधारात शेवटपर्यंत खुर्च्या सरकत गेल्याचा आवाज, आणि सगळं मैदान किल्लेदारासमोर उभं.

ते माझ्या कानाशी आले, म्हणजे मीच कान जवळ नेला.

"पाहून राहिली ना वं?" ते म्हणाले. "सारे उभे हायेत. आता मले बसव."